बर्फाचे मुद्दल

गंगोत्रीच्या मोटारीतून भटवाडीच्या पुढे, भुक्की गावाशी आम्ही दोघे उतरू लागलो, तेव्हा शेजारच्या पुणेकर आजींना राहवेना. "अहो, देव पुढे आहे! इथे कुठे उतरता?" त्यांच्या मांडीवर तांब्याचा रिकामा गडू होता. गंगोत्रीला पाच दिवस राहून तो भरून न्यायचा होता. मी भाच्याकडे बोट दाखवले. भाचा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. त्याचा देव अलीकडेच होता, आणि त्याचे नाव डोक्रियाणी.

डोक्रियाणी ही हिमनदी. गढवाली माणूस हिमनदीला 'बामक' म्हणतो. गोमुखाशी संपणारी गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब; ही जेमतेम साडेपाच. हिच्या पाण्याचा ओढा, दीनगाड, खाली भागीरथीला मिळतो. भागीरथीचा पूल ओलांडून आम्ही त्या ओढ्याच्या खोऱ्यात चढू लागलो. आधी बांज आणि बुरांसाची दाट झाडी, मग भूर्जाची पांढरी खोडे. सप्टेंबर संपत आला होता, भूर्जाची पाने पिवळी पडली होती. दोन रात्री तंबूत कुडकुडत काढल्या आणि तिसऱ्या दिवशी हिमनदीसमोर उभे राहिलो.

खरे सांगतो, निराशा झाली. शुभ्र, झगमगती काहीतरी दिसेल अशी कल्पना होती. समोर होता दगडमातीने माखलेला करडा उतार. लहानपणी लाकडाच्या भुशात ठेवलेली बर्फाची लादी पाहिली होती, तिची आठवण झाली. खालच्या कपारीतून मात्र पाणी असे गर्जत बाहेर पडत होते, की बोलायचे तर ओरडावे लागे.

"मामा, १९६२ साली हिचे मुख तिकडे खाली होते," भाचा ओरडला. १९६२ ते १९९५ या काळात ते सुमारे ५५० मीटर मागे सरकले. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेची माणसे वर्षानुवर्षे येथे येऊन हे मोजत आली आहेत.

"मग मोजले की! आणखी काय हवे?" मी विचारले.

"मुख मागे गेले, एवढ्यावरून पोटात किती उरले ते कळत नाही. माणूस उंचीला तेवढाच राहतो आणि आतून खंगत जातो, तसेच हे."

पोट पाहायचे कसे? विहीर किती खोल आहे हे पाहायला आपण खडा टाकतो आणि 'डुबुक' ऐकू येईपर्यंत आकडे मोजतो. येथे खड्याच्या जागी रेडिओलहर. बर्फावर रडारचे यंत्र ठेवून लहर खाली सोडायची. ती तळाच्या खडकावर आपटून वर येते. बर्फात ती सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सुमारे १६८ मीटर धावते. जायला-यायला लागलेल्या वेळाची निम्मी घेतली, की खोली निघाली. १२० मीटर जाडीच्या बर्फातून जाऊन परत यायला तिला सेकंदाचा दहा लाखावा भाग दीडदासुद्धा लागत नाही! अडचण एवढीच, की बर्फाच्या पोटात पाणी असले तर लहर विखुरते. म्हणून अशा ठिकाणी कमी कंपनांच्या, लांब लहरी वापराव्या लागतात. आणि यंत्र ओढत नेणाऱ्या माणसांना भेगा चुकवीत हिमनदी आडवी ओलांडावी लागते, एकदा नव्हे, अनेकदा.

डोक्रियाणीवर असे मोजमाप १९९५ साली झाले. सर्वांत जाड जागी बर्फ सुमारे १२० मीटर भरला. खडकाचा तळ काही हलत नाही. तो एकदा कळला, की जुन्या नकाशातल्या उंचीवरून पूर्वीचाही साठा काढता येतो. तो हिशेब असा निघाला: १९६२ साली ३८ कोटी ५० लाख घनमीटर बर्फ, १९९५ साली ३१ कोटी ५० लाख. तेहतीस वर्षांत ७ कोटी घनमीटर गेले. त्याचे पाणी केले, तर आपले खडकवासला धरण भरून वर उरेल. त्यानंतरही तोट्याचीच वर्षे अधिक आली.

मला आमच्या आळीतले एक पेन्शनर आठवले. त्यांचा खर्च कधी कमी झालेला दिसला नाही. पासबुक उघडले तेव्हा कळले, की ते मुद्दल खात होते. ही गर्जणारी कपारही तशीच. दरसाल वर पडणारा हिमवर्षाव हे व्याज. उन्हाळ्यात वितळणारे त्याहून अधिक.

"म्हणजे गंगा आटणार?" मी घाबरून विचारले.

"नाही, मामा. गंगेचे बहुतेक पाणी पावसाचे आणि हिवाळी बर्फाचे. पण ज्या वर्षी ती दोन्ही कमी पडतात, त्या वर्षी इथल्या ओढ्याला हीच हात देते. अडीअडचणीची पुंजी आहे ही."

परतताना उत्तरकाशीला धर्मशाळेच्या ओट्यावर आजी भेटल्या. गडू भरून, तोंड झाळून तयार होता.

"पाहिला का तुमचा देव?"

"पाहिला," भाचा म्हणाला, "जरा वाळलाय."

आजी काही बोलल्या नाहीत. गडू उचलून त्यांनी कानाशी नेला आणि हळूच हलवून पाहिला. आवाज आला नाही. "भरलेला आहे हो," त्या म्हणाल्या, आणि तो पदराखाली घेऊन बसल्या.