हिशोब कुठं आहे?

कबूलच करून टाकतो. मागच्या वर्षी 15 सप्टेंबरच्या रात्री होस्टेलच्या जिन्याखालचं भित्तिपत्रक ज्यानं फाडलं, तो मी. रेक्टर सरांनी चौकशी केली, वॉचमनकाकांना उगाच झापलं, आणि मी मात्र ‘काय लोक असतात एकेक!’ म्हणत सगळ्यांबरोबर हळहळत होतो.

तेव्हा मी मेस सेक्रेटरी. सेकंड इयरच्या पोरांनी ड्रॉइंग शीटवर स्केचपेननं लिहिलं होतं, ‘आमटीत डाळ शोधा, बक्षीस मिळवा’. यावर मीही हसलो. पण खाली बारीक अक्षरात होतं, ‘सेक्रेटरीसाहेब, ऑगस्टचा हिशोब कुठं आहे?’ आणि डोकंच फिरलं. आईशप्पथ सांगतो, मी एक रुपया खाल्ला नव्हता. पण हिशोबही लिहिला नव्हता. किराण्याच्या पावत्या काही वहीत, काही पँटच्या खिशात, दोन तर धुण्यात गेल्या. पोरं खोटं लिहितात म्हणून राग आला, असं मी स्वतःला सांगत होतो. खोटं असतं तर वही नेऊन दाखवली असती की! दाखवायला काही नव्हतं, म्हणून कागद फाडला.

आता गंमत बघा. दुसऱ्याच दिवशी सरांनी बोलावलं. “तू नळदुर्गचा ना? उद्या मुक्तिसंग्राम दिनाला पाच मिनिटं बोल.” नळदुर्गच्या पोराला हे भाषण तोंडपाठ असतं. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून भारताच्या फौजा नळदुर्गमार्गे निजामाच्या राज्यात शिरल्या, 17 ला निजाम शरण. एवढं बोलायचं आणि टाळ्या घ्यायच्या. पण यंदा जरा वेगळं सांगावं म्हणून लायब्ररीत गेलो आणि एक नाव सापडलं. शोएबउल्ला खान.

जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा संपादक. हैदराबादेतून ‘इमरोज’ नावाचं उर्दू दैनिक काढायचा. निजामाच्या राज्यात साधी सभा घ्यायची तरी आधी परवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ पत्रावर बंदी आली, तर ते राज्याबाहेरून नावं बदलून बदलून काढावं लागलं. (आपल्या प्रॉक्सीच्या बरोबर उलट, नाव वेगळं, माणूस तोच!) अशा राज्यात, स्वतः मुसलमान असलेला शोएबउल्ला छापत होता की रझाकारांचे अत्याचार थांबवा, हैदराबाद भारतात सामील करा. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी याला ते झोंबलं. विरोधात उठणारे हात तोडण्याची भाषा त्यानं भर सभेत केली. ऑगस्ट 1948 मधल्या एका रात्री शोएबउल्ला कचेरीतून घरी येत असताना रझाकारांनी त्याला गाठलं, गोळ्या घातल्या आणि हात तोडला. लिहायचा हात. पुढं महिनाभरात निजामाचं राज्यच गेलं.

आणि हा रझवी कुठला? लातूरचा वकील. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, 1982 पर्यंत. वकील हो! वाद घालणं हाच ज्याचा धंदा, त्याच्याकडेही एका पेपराला द्यायला उत्तर नव्हतं? इथं माझं वाचन थांबलं. माझी नि त्याची बरोबरी होत नाही, हे मलाही कळतं. ड्रॉइंग शीट कुठं आणि माणसाचा हात कुठं. पण जिन्याखाली उभं असताना सगळ्यात आधी काय करावंसं वाटलं होतं, ते आठवलं.

बरं, हे निजामी राज्यातलं म्हणून हात झटकावेत, तर तेही जमेना. 1975 च्या आणीबाणीत पेपरांवर सेन्सॉर बसवला तो स्वतंत्र भारतातल्या पुढाऱ्यांनी. त्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत त्याविरुद्ध बोलल्या, तेही स्वागताध्यक्ष खुद्द केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण असताना. नंतर दुर्गाबाईंना अटक झाली. आणि हे सत्तेवरचे लोक लोकांनी निवडून दिलेले. मीही निवडून आलो होतो, 41 मतांनी.

17 ला झेंडावंदन झालं. मी शोएबउल्लावर बोललो. आवाज बरा लागला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत ते सेकंड इयरचे दोघं हाताची घडी घालून उभे. त्यांना ठाऊक होतं की काय, देव जाणे. तेव्हा काही तोंड उघडलं नाही.

रात्री वही घेऊन बसलो. किराणावाल्याकडून पावत्यांच्या नकला आणल्या. तरी 340 रुपये काही केल्या जुळेनात. शेवटी तसंच लिहिलं, ‘340 रु. लागत नाहीत’, आणि कागद जिन्याखाली चिकटवला. वॉचमनकाकांना जाऊन खरं सांगितलं. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सोमवारी माझ्या हिशोबाशेजारी नवीन भित्तिपत्रक होतं. मथळा, ‘340 रुपयांची डाळ कुणाच्या आमटीत?’ खाली माझं व्यंगचित्र, नाक जरा जास्तच मोठं. दोनदा वाचलं. आजूबाजूला कुणीच नव्हतं. मग जेवायला गेलो.