पायगुणाचं ओझं

लहानपणी घरातच मार, अपमान किंवा अत्याचार सोसलेली माणसं माझ्या दवाखान्यात येतात, ती बहुधा त्याविषयी बोलायला येत नाहीत. झोप लागत नाही, साहेबांनी नुसतं केबिनमध्ये बोलावलं तरी हातपाय गार पडतात, अशा तक्रारी असतात. बालपणाचा विषय तिसऱ्या-चौथ्या भेटीत निघतो आणि त्याच्या पाठोपाठ हमखास एक वाक्य येतं, "पण मीही काही कमी नव्हते हो."

मानसोपचाराच्या इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त झुंजावं लागलं ते या वाक्याशी.

सहा-सात वर्षांच्या मुलाला घर सोडून जाता येत नाही. जो हात मारतो त्याच हातचं जेवायचं असतं. 'माझी माणसं वाईट आहेत' असं मानलं तर पायाखाली जमीनच उरत नाही. 'मी वाईट आहे' असं मानलं तर निदान आशा उरते, की मी शहाण्यासारखी वागले तर हे लोक माया करतील. रोनाल्ड फेअरबेर्न या स्कॉटिश मनोविश्लेषकाने हे १९४३ मध्येच मांडलं होतं. मूल दोष अंगावर ओढून घेतं ते जगण्यासाठी. तेव्हा त्याच्याजवळ तेवढाच उपाय असतो. पुढे मूल मोठं होतं, घर सुटतं, मारणारा म्हातारा होतो किंवा मरून जातो, पण दोष तसाच अंगाला चिकटून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात कॉम्प्लेक्स पीटीएसडी, म्हणजे दीर्घकाळच्या आघातांतून जडणारा मानसिक विकार, हे स्वतंत्र निदान आहे. आपण कवडीमोलाचे आहोत ही पक्की धारणा आणि तिच्यासोबतची शरम, ही त्यातली महत्त्वाची लक्षणं. 'माझा स्वभावच असा' म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. हा स्वभाव नाही, ही जखम आहे.

एका बाईंचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळिशीच्या आसपास, सरकारी नोकरी, दोन्ही मुलं मार्गी लागलेली. त्या लहान असताना वडील अपघातात गेले आणि आजीने ठरवून टाकलं, की हिच्याच पायगुणाने घराचं वाटोळं झालं. सणासुदीला हिला पुढे येऊ द्यायचं नाही, हिने ताट शेवटी घ्यायचं, शिवाय मार होताच. माझ्याकडे त्या खुर्चीच्या कडेवर बसायच्या. पेल्यातलं पाणी थोडं सांडलं तर चारदा माफी मागून पदराने टेबल पुसायच्या. आजीबद्दल मात्र एक शब्द वावगा नाही. "त्यांचंही दुःख होतंच ना, तरणा मुलगा गेला होता."

अशा माणसाला 'स्वतःवर प्रेम करा' सांगून काही होत नाही. उलट भीती वाटते. पॉल गिल्बर्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने करुणेवर आधारलेली उपचारपद्धती उभी केली, ती अशाच रुग्णांसाठी. ज्यांच्या वाट्याला माया आणि मार एकाच माणसाकडून आले, त्यांना कुणी गोड बोललं तरी धोक्याचा इशारा मिळतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. म्हणून आम्ही सुरुवात साध्या गोष्टींपासून करतो. श्वास संथ करणं, खुर्चीत पाठ टेकून बसणं, ताट वाढल्यावर गरम असतानाच जेवणं. त्या बाईंना गरम जेवायला शिकायलाच काही महिने लागले. 'हे स्वतःचे लाड झाले' असं त्यांना वाटे. लाड कसले? जे मूल असताना मिळायला हवं होतं, त्याचा हा पहिला घास होता.

मग मी त्यांना एक काम दिलं. तुम्ही तेव्हा जेवढ्या होतात, तेवढ्याच वयाची एखादी मुलगी नीट बघून या. त्यांनी भाचीची मुलगी बघितली. पुढच्या भेटीत सांगू लागल्या, ती माझ्या कमरेलाही लागत नाही, चपला उलट्या पायांत घालून पळत होती, समोरचे दोन दात पडलेत. मग थांबल्या आणि एकदम म्हणाल्या, "एवढीशी पोर काय कुणाचं वाटोळं करणार हो?" त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या, आणि रडल्याबद्दल माफी मागितली नाही.

आपल्याकडे याच टप्प्यावर गाडी अडते. स्वतःला निर्दोष मानायचं तर दोष कुणाचा, हा प्रश्न येतो, आणि वडीलधाऱ्यांकडे बोट दाखवणं म्हणजे कृतघ्नपणा, हे हाडीमासी मुरलेलं असतं. नातेवाईक सांगतात, झालं गेलं गंगेला मिळालं, माफ करून टाक. माझं मत स्पष्ट आहे. माफी ही बरं होण्याची अट नाही. कुणाला ती जमते, कुणाला कधीच जमत नाही, आणि दोघंही बरे होऊ शकतात. आजीचं दुःख खरं होतं आणि तिने केलेला अन्यायही खरा होता. एक मान्य केल्याने दुसरं पुसलं जात नाही.

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्लेला होता. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेने 'नकोशी' असंच नाव ठेवलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली. ते फार चांगलं काम झालं, पण आपण नकोशा होतो हे ज्या मुलींनी रोज ऐकलं, त्यांच्या मनातून ते काढायला एक समारंभ पुरत नाही. शेजारी, शिक्षिका, मैत्रीण, नवरा, कुणीतरी वर्षानुवर्षं त्यांच्याशी वेगळं वागावं लागतं.

दिवाळीच्या तोंडावर मला अनेक जणी विचारतात, भाऊबीजेला माहेरी गेलंच पाहिजे का? नाही. जिथे आजही तुमचा अपमान होतो, तिथे जाण्याची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही. भावाला फोन करा, नाहीतर तोही करू नका. आणि मन फारच भरून आलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तिथे बोलायला आधी काही सिद्ध करावं लागत नाही.