पाटीवरचे नाव

स्टुडिओला जागा मिळाली, प्रेस बसला, शाईचे डबे फळीवर लागले, तरी दारावरची पाटी कोरीच होती. लिनो किंवा लाकडावर चित्र कोरायचे आणि हाताने कागदावर छापायचे, हे आम्हा दोघी बहिणींचे काम. त्याला नाव हवे म्हणताच घरात अकीक्याच्या आधी होते तशी चर्चा सुरू झाली.

अम्मीने ‘नूर’ सुचवले. खालाने ‘इक्रा’. पहिल्या वहीचा पहिलाच शब्द, तोही वाचण्याचा हुकूम. छपाईला याहून शोभणारे काय? अब्बांनी ‘अल-कलम’ म्हटले, ६८व्या सूरहचे नाव. नावे सुंदरच होती. अडचण आमच्या धंद्याची. एक चांगला छाप हाती येईपर्यंत चार-पाच कागद वाया जातात. ते पायाखाली येतात, त्यांनी शाई पुसली जाते, शेवटी रद्दीत जातात. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का असतो. आयत लिहिलेला चिटोरा खाली दिसला तर उचलून डोळ्यांना लावायचा आणि उंच जागी ठेवायचा, हे आम्हाला अम्मीनेच शिकवलेले. ‘नूर’ तिने स्वतःच मागे घेतले.

चाचांचे म्हणणे वेगळे होते. “पोरींनो, ‘रंगरेषा’ वगैरे ठेवा. नाव वाचून कुणी पायरीवरून परत जायला नको.” त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे, पण आम्ही म्हटले नाही. जागा शोधताना आडनाव कळताच “घरी विचारून सांगतो” म्हणालेले मालक आम्हालाही भेटले होते. तरी मन मानेना. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला, स्वतःच्या नावानेच. त्या छापखान्याचे कुरआन शरीफ मुसलमानांच्या घरोघर वाचले गेले. छपाई नीट असली की पाटीवरचे नाव लोक पचवतात, असे आम्ही चाचांना सांगितले. ते हसले, पण पटल्याचे काही म्हणाले नाहीत.

मग अम्मीला नानांची आठवण झाली. नाना तरुणपणी मुंबईत उर्दू छापखान्यात संगसाज होते. हा शब्द आता घराघरांतूनही गेला, म्हणून थोडे सांगतो. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांत नीट बसत नसे, त्यामुळे उर्दू पुस्तके दीर्घकाळ शिळेवर छापली गेली. कातिब तेलकट शाईने खास कागदावर मजकूर लिही. तो कागद शिळेवर दाबला की अक्षरे उलटी उमटत. मग शिळा पाण्याने ओली करून शाईचा रूळ फिरवायचा: शाई तेलकट अक्षरांना धरते, ओल्या दगडाला धरत नाही. कागदावर मजकूर पुन्हा सुलटा. मधल्या या उलट्या जगात संगसाज बसे. तुटलेली रेघ जोडणे, पुसट नुक्ता भरणे, सांडलेला डाग खरवडणे, सगळे आरशातल्यासारखे उलटे वाचून. उर्दूत ‘दुआ’ आणि ‘दगा’ यांत एका नुक्त्याचा फरक, त्यामुळे ही नजरेची जोखीमच होती. कातिबाचे नाव पुस्तकात पुष्कळदा सापडते. संगसाजाचे आमच्या पाहण्यात एकदाही आलेले नाही.

तेव्हा पाटीवर ‘संगसाज’ लिहायचे ठरले. पायाखाली आले तरी बेअदबी नाही, आणि लपवाछपवीही नाही. शेजारच्या काकूंनी कागदावर वाचले आणि म्हणाल्या, “संग आणि साज! मराठीच आहे की.” आम्ही नानांचे काम सांगितले, तर त्या चहा विसरून ऐकत बसल्या. चाचांना मात्र काकूंचाच अर्थ जास्त आवडला.

शिक्का लिनोवर कोरायला घेतला, दोन्ही लिप्यांत. उलटे कोरताना मराठी उजवीकडून डावीकडे जाते आणि उर्दू डावीकडून उजवीकडे, ही गंमत हात चालवताना कळली. उर्दूत शेवटच्या ‘ज़े’वर एक नुक्ता आहे. लिनोवर तो एकटाच उभा राहतो, दाबाखाली कधीही तुटू शकतो. तुटला तर ‘संगसाज’चे ‘संगसार’ होईल, म्हणजे दगडांनी ठेचून मारलेला. तो नुक्ता आम्ही जरा जाडच ठेवला आहे, आणि पहिला छाप निघाल्यावर अम्मीने चष्मा लावून आधी तोच पाहिला.