गेली म्हणजे कुठे गेली?

माझ्या सासूबाईंच्या आजीची आजी पळून गेली होती. पाळण्यातली मुलगी मागे टाकून, कुणा खलाशाबरोबर, बहुतेक अमेरिकेला. हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर सांगितलं गेलं, तेही हसतहसत. दीडशे वर्षांत या गोष्टीचा विनोद झाला होता. पण सासूबाई हसत नव्हत्या. त्यांच्या आजीने ही गोष्ट त्यांना लहानपणी रागाने सांगितली होती, आणि तो राग त्यांनी दागिन्यासारखा सांभाळून ठेवला होता.

मी मूळची साताऱ्याची, आता डंडीत राहते. इथल्या रेकॉर्डांचं वेड मला कोविडच्या काळात लागलं. स्कॉटलंडमधल्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी वेबसाइटवर आहेत. नाव टाका, यादी बघा आणि दीडेक पाउंड भरून मूळ पानाचा फोटो उघडा. अलीकडच्या नोंदी मात्र घरबसल्या दिसत नाहीत: जन्म १०० वर्षांचा, लग्न ७५ वर्षांचं आणि मृत्यू ५० वर्षांचा व्हावा लागतो. आम्हाला हवी असलेली बाई त्याहून कितीतरी जुनी होती. नावं इथे देत नाही. सासूबाईंनी तेवढ्या एकाच अटीवर लिहायची परवानगी दिली आहे.

इथे एक तारीख लक्षात ठेवावी लागते: १ जानेवारी १८५५. त्या दिवशी स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी सगळा कारभार चर्चच्या वह्यांवर. सगळ्यात जुनी वही पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ची. पण चर्चची वही म्हणजे लिहिणाऱ्याच्या मर्जीचा मामला. बाप्तिस्मे बरे लिहिलेले, लग्नं त्यामानाने त्रोटक, आणि मेलेल्यांची आठवण फार थोड्यांना. काही ठिकाणी तर दफनाची नोंदच नसते, असते ती फक्त शवपेटीवर घालायच्या मखमली कापडाच्या भाड्याची. ते कापड चर्चच्या मालकीचं असायचं. भाडं जमा झालं म्हणजे माणूस गेला, एवढंच त्यातून कळतं.

लग्न सापडलं ते १८४९चं. खरं तर लग्न नव्हे, लग्नाची दवंडी. लग्न ठरलं की दोघांची नावं रविवारी चर्चमध्ये जाहीर करायची, कुणाची हरकत असेल तर बोला, अशी पद्धत होती. नवरा-नवरी वेगवेगळ्या पॅरिशचे असतील तर दोन्हीकडे. म्हणून एकाच लग्नाच्या दोन नोंदी मिळतात आणि दोन्ही वाचाव्या लागतात. डंडीच्या वहीत फक्त नावं आणि 'विणकर' एवढंच. मुलीच्या गावच्या वहीत मात्र तिच्या बापाचं नाव आणि त्याचा धंदा: शेतमजूर. तिच्या आडनावाचं स्पेलिंग दोन वह्यांत दोन तऱ्हांचं. ती स्वतः कसं लिहायची हा प्रश्नच नव्हता, तिला लिहिता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी मुलीचा बाप्तिस्मा. त्या नोंदीत मुलीला 'कायदेशीर' म्हटलं आहे. अशी नोंद करताना लग्नाची की लग्नाबाहेरची, हे लिहायची रीतच होती. मग १८५१ची जनगणना: एका घरात नवरा, बायको, तान्ही मुलगी. बायकोच्या नावापुढे गिरणीकामगार. तेव्हाचं डंडी म्हणजे आधी अळशीच्या धाग्याचं आणि मग आपल्या बंगालमधून येणाऱ्या तागाचं गाव. कोरडा ताग यंत्रावर तुटायचा. देवमाशाच्या तेलाने तो मऊ करता येतो हे इथल्या लोकांना कळलं, आणि देवमाशांची शिकार करणारी जहाजं तर याच बंदरातून सुटायची. गिरण्यांत बायकांचा भरणा मोठा, कारण त्यांना पैसे कमी द्यावे लागत.

१८६१च्या जनगणनेत मुलगी आत्याकडे. नात्याच्या रकान्यात 'भाची'. आईचा पत्ता नाही. इथवर पोचले तेव्हा मलाही खलाशी दिसू लागला होता.

पण बाप कुठे होता? तो सापडला १८५६च्या एका लग्नात. दुसरं लग्न, आणि त्याच्या नावापुढे 'विधुर'. हा एक शब्द वाचून मी रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवलं. बायको पळाली असती तर हा विधुर कसा?

मग १८५५चे मृत्यू. आणि या सालाबद्दल सांगायलाच हवं. नोंदणीच्या त्या पहिल्या वर्षी इथल्या अधिकाऱ्यांनी इतक्या उत्साहाने रकाने आखले की विचारू नका. मेलेल्या माणसाचा जन्म कुठे झाला, तो या भागात किती वर्षं राहिला, आईबाप कोण, जोडीदार कोण, मुलं किती, त्यांची वयं काय, कुठलं मूल आधीच गेलं असेल तर कधी, कुठल्या आजाराने, किती दिवस, डॉक्टरने शेवटचं कधी पाहिलं, कुठे पुरलं. लिहून लिहून रजिस्ट्रार मेटाकुटीला आले आणि १८५६ला बरेच रकाने उडवले गेले. १८५५ला मेलेला माणूस वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने नशीबवान. वाक्य वाईट आहे, पण आमच्या या छंदातले सगळे लोक ते बोलतात.

तिचं पान होतं ऑक्टोबरचं. आडनावाच्या चौथ्या स्पेलिंगला मिळालं. वय २९. कारण: प्रसूतिज्वर, आठ दिवस. मुलांच्या रकान्यात तीन ओळी. मुलगी, पाच वर्षं. मुलगा, १८५३ला गेला, अकरा महिन्यांचा. तिसऱ्या ओळीत मुलगा, नऊ दिवसांचा, नाव ठेवलेलं नाही. खाली नवऱ्याची सही म्हणून फुली. त्याच पानावर दोन नोंदींनंतर तो नऊ दिवसांचा मुलगा पुन्हा आहे, या वेळी मेलेला. दोघांच्या दफनाच्या रकान्यात एकच शब्द: हाउफ.

सासूबाईंना पान वाचून दाखवलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजी म्हणायची, शी वॉज अवा." स्कॉट्स बोलीत 'अवा' म्हणजे निघून गेलेली. आणि वारलेलीसुद्धा. इंग्रजीत मला हे समजायला वेळ लागला असता, मराठीत एक क्षणही लागला नाही. आपल्याकडेही आई 'गेली'च म्हणतात. पाच वर्षांच्या मुलीला आत्याने सांगितलं असेल, आई गेली. कुठे गेली, हे त्या मुलीने स्वतःच ठरवलं असेल. समोर बंदर, बंदरात जहाजं. हा माझा तर्क आहे, कागदावर कुठेच नाही. पण खलाशापेक्षा मला तो जास्त पटतो.

मला चटका लावून गेली ती वेगळीच गोष्ट. त्या पानावर तिचं माहेरचं आडनाव आहे. इथे लग्न झालेल्या बाईच्या मृत्यूच्या नोंदीत ते असतंच, आणि तिच्या आईचंही माहेरचं आडनाव असतं. निरक्षर गिरणीकामगार बाई, पण तिच्या आईच्या माहेरापर्यंत मी तासाभरात पोचले. माझ्या पणजीचं लग्नात नाव बदललं. तांदळात नवऱ्याने कोरलेलं नवं नाव तेवढं घरात टिकलं. आधीचं नाव काय, माहेर कुठलं, हे आईला माहीत नाही, मामाला माहीत नाही. नाशिकच्या उपाध्यांच्या चोपडीत आमच्या घराण्याचं पान आहे. काकांनी फोटो पाठवला होता. बाप, मुलगा, नातू, पणतू, सगळे ओळीने हजर. बाई एकही नाही.

हाउफ हे डंडीच्या मधोमध आहे, मॅकमॅनस संग्रहालयाच्या समोर. पूर्वी ती मठाची बाग होती. १५६४मध्ये राणी मेरीने ती शहराला दफनभूमी म्हणून दिली. पुढे गावातले कारागीर संघ तिथे बैठका घेऊ लागले, म्हणून 'हाउफ', म्हणजे भेटायची जागा. आमची बाई गेली त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५७मध्ये, तिथलं दफन थांबलं. भिंतीकडेला व्यापाऱ्यांचे मोठे दगड आहेत, कवट्या आणि वाळूची घड्याळं कोरलेले. विणकराच्या बायकोला दगड कुठला मिळायला!

मार्चमध्ये सासूबाईंना तिथे घेऊन गेले. नेमकी जागा कळणं शक्य नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दगडांमधून सावकाश फिरल्या. ऑफिसातले दोन जण बाकावर सँडविच खात होते. एका रिकाम्या गवताच्या तुकड्यापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आजीला कुणीतरी सांगायला हवं होतं."

घरी आल्यावर त्यांनी आजीचं बायबल काढलं. मागच्या कोऱ्या पानावर कुटुंबातले जन्म-मृत्यू लिहिलेले आहेत, आजीच्या आईपासून सुरुवात. त्यावरच्या जागेत त्यांनी पेन्सिलने नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट. स्पेलिंग कुठलं लिहू, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, मृत्यूच्या नोंदीतलं लिहा. त्या नाही म्हणाल्या. तिच्या बापाच्या गावच्या वहीतलं लिहिलं.