शेवटचे तीन गडी

आरंभशूरांची आपण नेहमीच थट्टा करतो. पण शेवट करणाऱ्यांचे कौतुक मात्र करायचे राहून जाते. दिवाळीच्या फराळाला हात लावायला आमच्याकडे सगळ्याजणी पुढे असत. पण लाडवांचा पाक नेमका कधी उतरवायचा, हे सांगायला हाक जायची ती आत्यालाच. सकाळभर राबल्या इतर जणी. पाक बिघडला, तर बोल मात्र आत्याला!

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या खेळात असा माणूस चक्क पगार देऊन बाळगतात. सामना नऊ डावांचा. आघाडी लहानशी असली, की ती राखून शेवटच्या डावातले तीन गडी बाद करायला एक खास गोलंदाज येतो. तोवर त्याने 'बुलपेन'मध्ये, म्हणजे सरळ मराठीत बैलांच्या गोठ्यात, वाट पाहत बसायचे. दोन-अडीच तास बसायचे आणि पंधरावीस चेंडू टाकायचे! तुम्ही म्हणाल, चैन आहे बुवा!

चैन कसली? मारियानो रिव्हेराचेच पाहा ना. पनामातल्या एका कोळीवस्तीत तो वाढला. लहानपणी पुठ्ठ्याचे हातमोजे करून खेळला, मोठेपणी वडिलांबरोबर मासेमारीच्या बोटीवर राबला. १९९५ साली न्यूयॉर्कच्या यांकीज संघातून तो सामन्याचा आरंभ करणारा गोलंदाज म्हणून उतरला. पण तिथे जम बसला नाही. १९९७ पासून शेवट सांभाळणे त्याच्याकडे आले. त्याच साली, सोबत्याशी सहज फेकाफेक करताना, त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी आपसूक वळू लागला. हा 'कटर' येणार हे फलंदाजाला ठाऊक असे, तरी बॅट मोडायची ती मोडेच! २०१३ साली तो निवृत्त झाला, तेव्हा त्याने राखलेले सामने ६५२ झाले होते. एवढे आजवर कुणीच राखलेले नाहीत. २०१९ साली 'हॉल ऑफ फेम'साठी ४२५ जणांनी मते दिली, ती सगळी त्यालाच. तसे पूर्वी कधी घडले नव्हते.

पण मला तो जवळचा वाटतो, तो हातून निसटलेल्या एका सामन्यामुळे. ४ नोव्हेंबर २००१. ॲरिझोनाविरुद्ध अजिंक्यपदाचा सातवा, निर्णायक सामना. एका धावेची आघाडी, शेवटचा डाव, चेंडू रिव्हेराच्या हाती. आणि एका हलक्याशा उडत्या फटक्याने सारे संपले. न्यूयॉर्कची विजयाची मिरवणूक राहिली.

मिरवणूक नाही, म्हणून संघातला एन्रिके विल्सन ठरल्याहून आधीच मायदेशी निघून गेला. ज्या विमानाने तो एरवी जाणार होता, ते १२ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्येच कोसळले. आतली २६० माणसे गेली. रिव्हेराने पुढे सांगितले, की आपण हरलो याचा त्याला आनंदच आहे; मित्र तरी उरला.

या बोलण्याने त्या २६० घरांचे दुःख तसूभरही हलके होत नाही, हे खरे. पण आयुष्यातला सर्वांत मोठा डाव हरलेला माणूस आठवडाभरात मित्राचा जीव मोजायला बसतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा गोठ्यात जाऊन आपल्या पाळीची वाट पाहतो! ६५२ हा आकडा मला त्यापुढे लहान वाटतो.