पेटीनंतरचा पियानो

पुण्यात मोठ्या माणसांना पियानो शिकवायचा, तर समोर बरेचदा पेटी वाजवलेलं माणूस बसतं. भजनी मंडळात साथ केलेली, शाळेत असताना क्लासला गेलेली ही मंडळी. ती आधी आपला सा शोधतात, काळी चार नाहीतर पांढरी एक, आणि एखाद्या अभंगाची चाल लगेच वाजवतात. स्वर बिनचूक. मग कपाळावर आठी पडते : "ताई, हा सूर टिकत का नाही?"

तिथूनच मी शिकवायला लागते. पेटीत भात्याची हवा आहे तोवर सूर उभा राहतो. लहानमोठाही भाताच करतो. पियानोत हातोडी तारेवर पडली की सूर ओसरूच लागतो. म्हणून एकच स्वर वाजवायचा, ऐकत राहायचं, आणि तो विझत जिथवर आला असेल तेवढ्याच आवाजात पुढचा लावायचा. मुलं याला कंटाळतात. पन्नाशीचं माणूस कंटाळत नाही. त्यानं जन्मभर गाणं ऐकलेलं असतं, दोन सुरांमधली जागा त्याला ओळखीची असते. बोटं उशिरा वळतात हे खरं, पण कान तयार असतो.

अशा कानाला चित्रांच्या पुस्तकातले बाळगाण्यांचे तुकडे देणं मला पटत नाही. जी मेजरमधलं ते प्रसिद्ध मिन्युएट आज मुलांचं समजलं जातं, पण ते आलं १७२५ सालच्या, बाखची पत्नी आना माग्दालेना हिच्या वहीतून, आणि ती तर तयारीची गायिका होती. (मिन्युएट मात्र बाखचं नव्हे, पेट्झोल्डचं.)

माझा खरा भरवसा आहे तो बाखच्या सी मेजर प्रील्यूडवर. १७२२ च्या संग्रहातलं हे पहिलंच, ३५ बारचं. जवळजवळ प्रत्येक बारमध्ये पाच स्वर : दोन डाव्या हाताला, तीन उजव्याला. इतकी वर्षं भात्यावर राहिलेल्या डाव्या हाताला दोनच स्वर दाबून धरायचे, एवढं त्याला झेपतं. सुरुवातीला पाचही स्वर एकदम वाजवून घेते. हाताला आकार कळला की सुटे करायचे.

आठव्या बारमध्ये डाव्या हातात शुद्ध नी आणि सा शेजारी शेजारी येतात. पेटीवाला हमखास थांबतो. आपलं बोट चुकलं असं त्याला वाटतं. मी म्हणते, "काका, हात उचलू नका. घासू दे." नवव्या बारमध्ये सा तिथंच राहतो आणि खालचा नी धैवतावर उतरतो. या दोन बारवर मी एक अख्खा तास आनंदानं देते. त्या दिवशी पुढचं पान उलटायचं नाही.