चढ ऋण आहे!

मी पक्का कॉन्व्हेंटचा. ‘वाय इज इक्वल टू एम एक्स प्लस सी’ झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन, पण तेच मराठीतून समजाव म्हटलं की आपली बोलती बंद! त्यात आमच्या मेसच्या मावशी एकदा म्हणाल्या, “दादा, पोरीला जरा गणित दाखवा ना.” पोरगी सातवीत, मराठी शाळेत. पोळीवर जास्तीचं तूप मिळेल या आशेने मी हो म्हटलं.

समप्रमाण तिला येत होतं. एक वही २० रुपयांना, तर पाच वह्या १०० ला. मग मी मेसमधले स्टीलचे ग्लास घेतले आणि तिच्या हातात पट्टी दिली. एक ग्लास १२ सेंमी. एकात एक घातलेले दोन? “चोवीस!” मोजले तर १४. तीन ग्लास १६, चार १८. ती जरा थांबली आणि म्हणाली, “दर ग्लासाला दोनच वाढतात. बाकीचे दहा आधीपासूनचेच आहेत.”

मी उडालोच! एम आणि सी, दोन्ही तिने न शिकवता शोधले होते. वाढ दर वेळी सारखी असेल तर आलेखावर सरळ रेषा येते, मग ती शून्यातून जावो वा न जावो, एवढंच सांगायचं माझ्या वाट्याला आलं.

मावशी कणीक मळता मळता ऐकत होत्या. म्हणाल्या, “अगं, आपल्या कर्जाचा काढ की आलेख.”

कर्ज १०,००० रुपये, शेकडा तीनने. हे तीन महिन्याचे, वर्षाचे नव्हेत, हे मला त्या दिवशी कळलं! म्हणजे वर्षाला ३६ टक्के. मावशी १४ महिने न चुकता ३०० रुपये भरत होत्या. ४,२०० रुपये गेले होते. पोरीने आडवे महिने घेतले, उभी बाकी घेतली, ठिपके जोडले. रेषा आडवीच्या आडवी.

“दादा, ही खाली कधी येणार?”

कर्ज फिटतंय, असं मावशींना वाटत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. कणीक मात्र बराच वेळ मळत राहिल्या.

मी हिशोब मांडला. व्याज भरून वर मुद्दलातले ५०० दिले, तर २० महिन्यांत सुटका. “पाचशे कुठून आणू? दोनशे बघते.” पोरीने नवी रेषा काढली. ९,८००, ९,६००... ५० महिने! पण खाली येत होती. शिवाय व्याजही दरमहा ६ रुपयांनी कमी होणार होतं.

रात्री रूममेटने सांगितलं, स्लोपला मराठीत ‘चढ’ म्हणतात आणि निगेटिव्हला ‘ऋण’. ऋण म्हणजे कर्ज, एवढंच मला ठाऊक होतं. आता कळलं, ऋण फिटायचं तर चढ ऋण लागतो!

जास्तीचं तूप अजून मिळालेलं नाही. पण ती वही पिठाच्या डब्यावर असते. महिन्याला एक ठिपका पडतो. या महिन्याचा ९,४०० वर पडला.